सीमारेषेबाहेरची माणसं



ही व्याख्यानमाला एका क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ भरते, म्हणून यंदाचा विषयही मैदानावरचाच आहे: मुलांचा खेळ आणि खिलाडूवृत्ती. अशा विषयावरचं भाषण कसं जातं, हे मुलांना पाठ असतं. हारजीत गौण, सहभाग महत्त्वाचा. पंचांचा निर्णय शिरोधार्य. हरलात तरी हसत हात मिळवा. दर बक्षीस समारंभात ते हेच ऐकतात, आणि त्यातलं पहिलं वाक्य खोटं आहे हे त्यांना तिथल्या तिथे कळतं. हारजीत गौण असती तर टेबलावर करंडक कशाला मांडला असता?

तेव्हा आज मुलांना उपदेश नाही. आजचं बोलणं सीमारेषेबाहेर उभ्या असलेल्या माणसांशी आहे. मुलांच्या खेळातलं जवळजवळ सगळं मोठी माणसं ठरवतात. कोण कुणाशी खेळणार, कोणत्या वयोगटात, किती वेळ, पंच कोण, राखीव मुलाला संधी कधी, बक्षीस कशाबद्दल. एवढं सगळं मोठ्यांनी ठरवायचं आणि वागणुकीचा जाब मात्र बारा वर्षांच्या पोराला विचारायचा, हा कुठला न्याय? मुलं मैदानावर कशी वागतात, ते मोठ्यांनी खेळाची मांडणी कशी केली आहे यावर ठरतं. एवढंच आजचं म्हणणं आहे. ते तीन ठिकाणी तपासून पाहू: समोरचा संघ, पंच आणि शेवटी आपण स्वतः.

पहिला मुद्दा समोरच्या संघाचा.

जानेवारी २०१६. स्थळ कल्याण. स्पर्धा आंतरशालेय, भंडारी चषकाची. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे, वय १५, रिक्षाचालकाचा मुलगा, ३२३ चेंडूंत नाबाद १००९ धावा करतो. १२९ चौकार, ५९ षटकार. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलानं १८९९ साली नाबाद ६२८ धावा काढल्या होत्या. तो विक्रम शंभरावर वर्षं टिकला आणि कल्याणच्या मैदानावर मोडला. दोन दिवस उभं राहून, लक्ष ढळू न देता एवढ्या धावा करणाऱ्या मुलाचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्याच्या खेळीला इथे कुणी बोट लावत नाही.

पण धावफलक पुढेही वाचावा लागतो. त्याच्या संघानं ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. एक डाव आणि १३८२ धावांनी पराभव. त्या संघातली बरीच मुलं बारा-तेरा वर्षांची होती. दहावीची मोठी मुलं अभ्यासामुळे खेळायला आली नव्हती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. म्हणजे सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत सातवीतली पोरं चेंडू टाकत होती आणि सीमारेषेपलीकडून तो पुन्हा पुन्हा आणत होती. दोन्ही संघांचे प्रशिक्षक तिथे होते, पंच होते, संयोजक होते. विक्रमाची कुणकुण लागल्यावर पत्रकारही आले. यातल्या कुणाच्या हातात हा सामना थांबवणं होतं? नियमानं कुणाच्याच नाही. नियमच तसा नव्हता.

आता याच महाराष्ट्रातली आणखी जुनी गोष्ट पाहा. डिसेंबर १९४८, पुणे. रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोचले. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. मधल्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी पुढे खेळायला नकार दिला. आपल्या संघाविरुद्ध असा विक्रम होऊ नये, ही त्यांची इच्छा. संघ सामना सोडून निघून गेला आणि निंबाळकर ४४३ वरच राहिले. या वागण्याला अखिलाडू म्हणून नावं ठेवली गेली, आणि ती बरोबरच होती.

तरी एक फरक लक्षात घ्या. ठाकूरसाहेबांना मैदान सोडता आलं. कल्याणच्या सातवीतल्या मुलांना ते स्वातंत्र्य नव्हतं. राजाला जे करता येतं ते विद्यार्थ्याला करता येत नाही, म्हणून विद्यार्थ्याच्या वतीनं नियमानं ते करायला हवं.

इथे एक शंका निघेल. मोठा पराभव म्हणजे अन्यायच का? नाही. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. समोर सेंट झेवियर्स. त्या संघाच्या गोलंदाजांत पंधरा वर्षांचा एक लेगस्पिनर होता, साईराज बहुतुले. त्या दिवशी त्याला बेदम मार पडला. पुढे तो मुंबईसाठी वर्षानुवर्षं खेळला, भारतासाठी दोन कसोट्या खेळला आणि नंतर प्रशिक्षक झाला. दोन्ही संघ उपांत्य फेरीपर्यंत जिंकत आलेले होते, मुलं साधारण एका वयाची होती. बरोबरीच्यांत पडलेला मार पोरं पचवतात, त्यातून शिकतातही.

गैर असते ती विजोड लढत. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याच हॅरिस शील्डमध्ये एका शाळेचा डाव ७ धावांत संपला. अकराही मुलांच्या नावापुढे शून्य, सातही धावा अवांतर. ७५४ धावांनी हार. दुसऱ्या दिवशी त्या शाळेचं नाव देशभर छापून आलं, परदेशातही गेलं, लोकांनी विनोद केले. इथे ते नाव घेण्याचं कारण नाही. विचारायचं आहे ते एवढंच, की बाद फेरीच्या पहिल्याच दिवशी अशी जोडी लागते कशी? आणि सामन्याचा निकाल कधीच लागून गेल्यावर तो चालू कुणासाठी राहतो?

दुसऱ्या खेळांनी यावर उपाय केले आहेत. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी मिळाली की कुस्ती तिथेच थांबते, जिंकणारा जिंकला. अमेरिकेतल्या मुलांच्या बेसबॉल संघटनेत, लिटल लीगमध्ये, चार डावांनंतर दहा धावांची आघाडी असली की सामना संपतो. जिंकणाऱ्याचा विजय कमी होत नाही आणि हरणारा संध्याकाळपर्यंत चेंडू आणत बसत नाही.

आणि परदेश कशाला? आपल्या चाळींच्या आवारात ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. धाकटा भाऊ खेळायला मागे लागला की मोठी मुलं त्याला कच्चा लिंबू करून घेतात. तो पळतो, पकडापकडी करतो, ओरडतो, पण बाद होत नाही. मुलं विषम झाली तर एकजण दोन्हीकडून फलंदाजी करतो. सगळे चांगले खेळाडू एका बाजूला गेले तर संघ पुन्हा पाडतात. हे कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलं? कुणीच नाही. खेळ चालू राहायचा असेल तर समोरचा टिकला पाहिजे, तो रडत घरी गेला तर आपलाही खेळ संपला, हा रोखठोक हिशेब मुलांना आपोआप समजतो. मोठी माणसं स्पर्धा भरवतात, बॅनर लावतात, प्रमुख पाहुणे बोलावतात, आणि नेमका तो हिशेब विसरतात.

दुसरा मुद्दा पंचांचा.

गावोगावच्या शालेय सामन्यांत पंच म्हणून कोण उभं असतं, ते आठवा. यजमान शाळेचे पीटीचे सर, नाहीतर कॉलेजात शिकणारा एखादा जुना खेळाडू. मानधन किरकोळ, ऊन भरपूर. त्यानं पायचीत दिलं की सीमारेषेवरून आवाज येतो, "डोळे फुटले का रे?" ओरडणारा माणूस एरवी बँकेत रांगेत शांत उभा राहणारा असतो. पोरगा खेळपट्टीवरून वळून बघतो. पंच आणि बाबा यांतलं खरं कोण मानायचं, हा प्रश्न त्याला त्या क्षणी सोडवायचा असतो. तो कुणाची बाजू घेईल असं वाटतं?

हे कुठपर्यंत जाऊ शकतं, ते नेदरलँड्सनं पाहिलं. डिसेंबर २०१२ मध्ये अल्मेरे शहरात मुलांच्या फुटबॉल सामन्यात एक गृहस्थ स्वयंसेवक म्हणून रेषापंच झाले होते. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या सामन्यात खेळत होता. सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या पोरांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातले सगळे हौशी फुटबॉल सामने रद्द करण्यात आले. २०१३ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलेल्यांत किशोरवयीन मुलं होती, आणि त्यांच्याबरोबर एका खेळाडूचा बापही होता. त्या निकालातला हा शेवटचा तपशील नजरेआड करू नये.

आपल्याकडे लांब जायला नको. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निर्णयावर चिडलेल्या एका मल्लानं पंचाला लाथ मारली. अंतिम कुस्तीतही वाद झाला. दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचांचा निर्णय बरोबर होता की चूक, यावर जाणकार अजून वाद घालतील, खुशाल घालोत. पण तालमीत आखाड्याची माती कपाळाला लावून, सलामी देऊन कुस्ती धरायला शिकणारी आठ-दहा वर्षांची पोरं ती चित्रफीत मोबाइलवर पाहत होती. त्यांना त्या दिवशी वस्तादांनी काय सांगितलं असेल? काही सांगितलं असेल का?

पंच चुकत नाहीत, असं कुणी म्हणू नये. मुलं हसतील. पंच चुकतात आणि चूक दाखवण्याची रीत असते. मुंबईच्या वानखेडेवर फेब्रुवारी १९८० मध्ये इंग्लंडविरुद्धच्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचे पाच गडी साठीच्या आत गेले होते. यष्टिरक्षक बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता, असं भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांना दिसलं होतं. ते पंचांशी जाऊन बोलले आणि टेलरला परत बोलावलं. टेलर आणि इयान बोथम यांनी १७१ धावांची भागी केली, बोथमनं शतक केलं आणि सामन्यात तेरा बळीही घेतले. भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथ यांनी कर्णधार म्हणून खेळलेली ती दुसरी आणि अखेरची कसोटी.

ही गोष्ट सांगताना बहुतेक वक्ते इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. त्यात कामाचं जे आहे ते जरा वेगळं आहे. विश्वनाथ पंचांशी बोलले, म्हणजे निर्णयावर आक्षेप घेतला गेला. तो कर्णधारानं घेतला, शांतपणे घेतला आणि स्वतःच्या तोट्याचा घेतला. एवढ्या तिन्ही गोष्टी बारा वर्षांच्या मुलाकडून लगेच होणार नाहीत. पण पहिल्या दोन शिकवता येतात. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाची मोहीम काढली, तिच्यात हेच साधं बंधन होतं: पंचांशी फक्त कर्णधार बोलेल आणि पालक दोरीच्या मागे उभे राहतील. आपल्या कबड्डीत हिरवं, पिवळं, लाल कार्ड आहेच. गावातल्या किती शालेय स्पर्धांत ते पंचांच्या खिशात असतं?

याच मुद्द्याची एक दुसरी बाजूही आहे. नियम धूसर ठेवायचा आणि मग मुलानं 'भावना' ओळखली नाही म्हणून त्याला झोडपायचं, हीसुद्धा मोठ्यांचीच खोड. २०१६ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात, बांगलादेशात, झिम्बाब्वेला शेवटच्या षटकात तीन धावा हव्या होत्या, एकच गडी उरला होता. वेस्ट इंडिजच्या कीमो पॉलनं धाव घेत येऊन, चेंडू न टाकता, क्रीज सोडून पुढे गेलेल्या फलंदाजाला धावबाद केलं. वेस्ट इंडिज दोन धावांनी जिंकलं. नियमात हे बसत होतं. तरी मोठमोठ्या माजी खेळाडूंनी त्या पोराला खडे बोल सुनावले. १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड यांनी बिल ब्राउनला असंच बाद केल्यापासून हा घोळ चालत आला होता. अखेर २०२२ मध्ये हा प्रकार नियमांच्या पुस्तकात 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावबाद'मध्ये घातला गेला. पंचाहत्तर वर्षं मोठ्यांना जे ठरवता आलं नाही, ते किशोरवयीन मुलानं एका चेंडूत ठरवावं अशी अपेक्षा होती.

तिसरा मुद्दा आपला.

मुलांच्या खेळातली सगळ्यात मोठी लबाडी मुलं करत नाहीत. ती जन्मदाखल्यावर होते. वयचोरी. चौदा वर्षांखालच्या संघात सोळाचा मुलगा उतरवायचा. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीत पतौडी स्मृती व्याख्यान देताना राहुल द्रविड यांनी यावर कठोर बोट ठेवलं होतं. वय लपवलेला मुलगा खऱ्या वयाच्या मुलाची जागा खातो, हे तर झालंच. पण आईबाप आणि प्रशिक्षक मिळून खोटं करतात हे त्या मुलाला रोज दिसत असतं, त्याचं काय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. क्रिकेट मंडळ आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतं. घरातल्या माणसांवर विश्वास उरला नाही, म्हणून मनगटाला विचारावं लागतं.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला एक मुलगा लिटल लीगमध्ये अमेरिकेचा लाडका झाला होता. बारा वर्षांच्या मानानं त्याचा चेंडू फारच जोरात येत होता. चौकशी झाली, तेव्हा तो चौदाचा निघाला. संघाचे सगळे विजय रद्द झाले. जन्माचा खोटा दाखला त्या मुलानं केलेला नव्हता.

मुलांना त्यांच्यापुरतं सोडलं तर काय होतं, याचंही उदाहरण त्याच लिटल लीगचं. ऑगस्ट २०२२, टेक्सासमधलं वेको. गोलंदाजाचा चेंडू सुटला आणि फलंदाजाच्या शिरस्त्राणावर बसला. फलंदाज कोसळला, उठला, चालत पहिल्या बेसवर गेला. गोलंदाज मुलगा मात्र घाबरून रडायला लागला, त्याला पुढचा चेंडू टाकवेना. मार खाल्लेला मुलगा बेस सोडून त्याच्याजवळ गेला आणि त्याला मिठी मारून धीर दिला. कुणी सांगितलं नव्हतं. महत्त्वाचं म्हणजे कुणी अडवलंही नाही. प्रशिक्षकांनी ओरडून त्याला बेसवर परत पाठवलं असतं, तर?

मग करायचं काय? नॉर्वेनं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ मध्ये मुलांच्या हक्कांची सनदच काढली. अकरा वर्षांच्या आधी निकालांच्या याद्या नाहीत, क्रमवारी नाही. तेरापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदं नाहीत. आपल्याकडे लगेच म्हणतील, "अशानं पोरं मऊ होतील." सुमारे ५४ लाख लोकवस्तीच्या त्या देशानं २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेतली, सगळ्या देशांत जास्त. ती या नियमांमुळेच मिळाली, असं म्हणणं उथळ होईल. बर्फ आहे, पैसा आहे, परंपरा आहे. पण या नियमांनी पोरं मऊ पडली नाहीत, एवढं तर दिसतं.

थोडक्यात, आतापर्यंत तीन गोष्टी झाल्या. विजोड लढती मोठी माणसं लावतात. पंचांची अप्रतिष्ठा मोठी माणसं सुरू करतात. वयाची लबाडी मोठी माणसं करतात. तेव्हा दुरुस्तीही मोठ्यांच्या कागदावर, म्हणजे स्पर्धेच्या नियमपत्रकात व्हायला हवी. येत्या हंगामासाठी चार कलमं सुचवावीशी वाटतात.

एक, ठरावीक आघाडीनंतर सामना निकाली. उरलेल्या वेळात संघ मिसळून खेळा.

दोन, यादीत नाव असलेलं प्रत्येक मूल खेळलंच पाहिजे. लिटल लीगच्या साखळी सामन्यांत प्रत्येक मुलाला निदान समोरचे सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि एकदा फलंदाजी द्यावी लागते. आपल्याकडे काही मुलं अख्खा हंगाम पाण्याच्या बाटल्या नेण्यात घालवतात.

तीन, पंचांशी फक्त कर्णधार बोलेल. तक्रार लेखी आणि दुसऱ्या दिवशी. मैदानाभोवती दोरी, पालक दोरीच्या बाहेर. ओरडणाऱ्या पालकाबद्दल पहिली ताकीद संघाच्या प्रशिक्षकाला.

चार, वागणुकीचे गुण समोरच्या संघाकडून. अल्टिमेट फ्रिस्बी या खेळात पंच नसतोच. फाउल खेळाडू स्वतः सांगतात, आणि सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांना नियमांची जाण, अंगाला अंग भिडवणं, निष्पक्षपणा, वृत्ती आणि बोलणं अशा पाच बाबींवर गुण देतात. भारतातही हा खेळ मुलंमुली एकत्र खेळतात. आपल्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धांत साखळीतले गुण समान झाले तर वागणुकीचे गुण पाहून पुढचा संघ ठरवायला काय हरकत आहे? करंडक जसा खरा असतो तसे हे गुणही खरे असले, तरच मुलं ते मनावर घेतील.

यांतल्या पहिल्या कलमाला सगळ्यात जास्त विरोध होईल. अशा नियमानं एखाद्याची हजार धावांची खेळी राहून जाईल, आणि ती राहिली तर गरीब घरच्या मुलाकडे निवड समितीचं लक्ष जाणार कसं, हा आक्षेप पोकळ नाही. धनावडेचं नाव त्या धावांमुळेच एका दिवसात घराघरांत पोचलं. पण निवडीसाठी हजार धावा लागत असतील, तर दोष निवडीच्या पद्धतीत आहे, आणि तो समोरच्या सातवीतल्या मुलांच्या खर्चानं का भागवायचा, याचंही उत्तर द्यावं लागेल. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. या मर्यादेला विरोध असलेल्या प्रशिक्षकांनी आधी बोलावं, कारण नियम झाला तर तो राबवायचा आहे त्यांनाच.